‘बेवारस’ कोण, याचा हिशेब एकदा तपासावा

खानापूर तालुक्यातील एका वाचनालयाचे चिटणीस असलेल्या माझ्या मामांना गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक संदेश आला आणि त्यावर विसंबून त्यांनी कोहा हे ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारे मुक्तस्रोत, म्हणजे मूळ संहिता सर्वांना खुली असलेले, सॉफ्टवेअर बसवण्याचा ठराव पुढे ढकलला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बेवारस व असुरक्षित असते, त्यात मराठी-कन्नड चालत नाही, उलट बड्या गुंतवणूकदारांचा पैसा लागलेली कंपनी कायम पाठीशी राहते, असे त्यात ठासून लिहिले आहे.

यातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक आहे. गुंतवणूक निधी कंपनी घेतो तो पुढे नफ्याने विकण्यासाठी. एक्स लिब्रिस ही ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००६ मध्ये फ्रान्सिस्को पार्टनर्सकडे, २००८ मध्ये लीड्स इक्विटीकडे, २०१२ मध्ये गोल्डन गेट कॅपिटलकडे, २०१५ मध्ये प्रोक्वेस्टकडे आणि २०२१ मध्ये प्रोक्वेस्टसह क्लॅरिव्हेटकडे गेली. पंधरा वर्षांत पाच मालक झाले, तर ‘कायम’ कोणाला म्हणायचे? सिर्सीडायनिक्स या अशाच दुसऱ्या कंपनीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. व्हिस्टा इक्विटी पार्टनर्सने ती कंपनी घेतल्यावर थोड्याच दिवसांत, मार्च २००७ मध्ये, होरायझन या प्रणालीची येऊ घातलेली नवी आवृत्ती रद्द झाली, आणि तिच्या भरवशावर थांबलेल्या ग्रंथालयांना दुसरा मार्ग शोधावा लागला.

आता ‘बेवारस’ या शब्दाबद्दल. कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी कातिपो कम्युनिकेशन्सने तयार केले आणि जानेवारी २००० पासून ते वापरात आहे. कोहाची सेवा देणारी लिबलाइम ही अमेरिकी कंपनी २०१० मध्ये पीटीएफएसने विकत घेतली, नंतर न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावाच्या व्यापारचिन्हावरूनही वाद झाला. तरीही संहिता कोणीही वापरावी, बदलावी व वाटावी अशी मुभा देणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे मूळ संहिता कोणालाच अडवून ठेवता आली नाही आणि जगभरच्या ग्रंथालयांनी व विकासकांनी ती पुढे नेली. कंपनी विकली गेली, सॉफ्टवेअर मात्र ग्रंथालयांकडेच राहिले.

मराठी-कन्नडचा आक्षेप निराधार आहे, कारण कोहा युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या प्रमाणसंकेतावर चालते आणि एकाच तालिकेत दोन्ही लिपींतील नोंदी ठेवता येतात. सुरक्षिततेबाबत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: परवान्याचे शुल्क नसले तरी सर्व्हर, रोजची बॅकअप प्रत आणि जाणता माणूस यांचा खर्च चुकत नाही, आणि तो अंदाजपत्रकात न धरणाऱ्या वाचनालयाची नोंद एक दिवस खरोखरच बुडेल. पण तीच काळजी विकतच्या प्रणालीलाही घ्यावी लागते.

मामांना मी सांगितले आहे की पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा मांडावा, आणि कार्यकारिणीने एखाद्या कंपनीचीच निवड केली तर सगळ्या ग्रंथनोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या प्रमाणित स्वरूपात मागताक्षणी विनामूल्य परत मिळतील, हे कलम करारात लेखी घ्यावे.