सिटीज स्कायलाइन्समध्ये मेट्रो रस्त्याखालूनच न्यावी लागते, हे खरं नाही

सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारण्याच्या कॉम्प्युटर खेळात इंदूर उभारणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एक सल्ला या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. भुयारी मेट्रो नेहमी रस्त्याच्या बरोबर खालून, रस्त्याच्या वळणांप्रमाणेच ओढा, नाहीतर वरची घरं पडतात. दोन लाइनी चौकाखाली एकमेकींना छेदू द्या, गाडी बदलायची सोय आपोआप होते. शहराभोवती एक गोल लाइन टाकली की पुरे. आणि मोठ्या रस्त्यांखाली मेट्रो गेली की वरचा ट्रॅफिक संपला.

शेवटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बाकीचे ऐकले तर चांगलं शहर बिघडतं. पुढचं सगळं या खेळाच्या 2015 सालच्या पहिल्या भागाबद्दल आहे.

आधी घरांचं. बोगद्यामुळे या खेळात एकही घर पडत नाही. इमारतींना पाया नाही, मातीवर भार नाही, जमिनीखाली पाणी नाही. इंदूरच्या राजवाडा-सराफ्यासारखी दाट वस्ती बांधा आणि तिच्या पोटातून तिरपा बोगदा काढा, वरची भिंतसुद्धा हलणार नाही. पाण्याच्या पाइपांशीही त्याची टक्कर होत नाही. टक्कर होते ती त्याच खोलीवरच्या दुसऱ्या प्रकारच्या बोगद्याशी, म्हणजे रस्त्याच्या भुयाराशी वगैरे.

मग लोकांनी घरं पडताना पाहिली ती कुठे? दोन जागी. एक म्हणजे स्थानक. त्याची इमारत जमिनीवर रस्त्याला लागून बसते आणि त्या जागेवर झोनमध्ये (म्हणजे वस्तीसाठी रंगवलेल्या चौकटींत) आपोआप उगवलेलं घर असेल तर खेळ ते न विचारता पाडतो. दुसरी जागा म्हणजे बोगद्याचं तोंड, जिथे रूळ वर येतात. उताराला आणि तोंडाला जमीन लागतेच. तेव्हा स्थानक जिथे येणार तिथल्या रस्त्याकडेच्या चौकटी आधीच झोनमधून काढून मोकळ्या ठेवा.

ही समजूत आली कुठून, तेही सांगायला हवं, कारण तिचं मूळ खरं आहे. लंडनची 1863 सालची पहिली भुयारी रेल्वे रस्ता खणून, रूळ टाकून, वर छत घालून बांधली. 1984 साली सुरू झालेल्या कोलकाता मेट्रोचाही बराचसा भाग असाच खणून झाकलेला आहे. अशा कामाला वरची जागा मोकळी हवी, आणि शहरात मोकळी जागा म्हणजे रस्ता. बोगदा खणणारं यंत्र आल्यावर इमारतींखालून जाता येऊ लागलं, पण धोका संपला नाही: कोलकात्यात बोबाजारला ऑगस्ट 2019 मध्ये यंत्र भूजलाच्या थरात शिरलं, जमीन खचली आणि वरची जुनी घरं कोसळली. म्हणून खेळात राजवाड्याखालून दोन मिनिटांत बोगदा निघतो हे दाखवून खऱ्या इंदुरातल्या लोकांची घरांबद्दलची काळजी खोटी ठरवू नये. खेळ ते गणित करतच नाही.

रस्त्याची रेषा धरल्याने तोटा मात्र होतो. बोगद्याचा खर्च लांबीवर आहे. दोन स्थानकांमध्ये पूर्वेला 1 किमी आणि उत्तरेला 1 किमी अंतर असेल, तर रस्त्याखालून काटकोनात 2 किमी बोगदा लागतो आणि तिरपा काढला तर साधारण 1.4 किमी. बांधणीही वाचते, देखभालही. शिवाय तीव्र वळणावर गाडी वेग कमी करते.

रस्ता महत्त्वाचा आहे तो फक्त स्थानकासाठी. स्थानक रस्त्याला लागूनच बसतं आणि ते ज्या दिशेला बसेल त्यावरून खालच्या फलाटाची दिशा ठरते. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी सगळी स्थानकं, मग बोगदे. बोगदा फलाटाच्या टोकावर क्लिक करून तिथूनच सुरू करा, म्हणजे तो फलाटाच्या खोलीवरून निघतो. मधूनच सुरू करून टोकाशी आणला तर भूमिगत दृश्यात दोन्ही तुकडे चिकटलेले दिसतात, पण 3 मीटर वर-खाली असतील तर सांधा झालेला नसतो. लाइन आखताना पुढच्या स्थानकावर क्लिक केलं आणि लाइनची रेषा लांबून वळसा घालून गेली किंवा उमटलीच नाही, की समजा तिथेच खोट आहे.

खोली नेहमी वरच्या जमिनीपासून मोजली जाते. त्यामुळे कान्ह नदीसारख्या पात्राखालून जाताना बोगदाही पात्राबरोबर खाली जातो आणि उतार फार तीव्र असल्याचा इशारा येतो. तुकडा लांब करा, किंवा काठाच्या बऱ्याच आधीपासून टप्प्याटप्प्याने खाली उतरा.

आता चौकाखाली छेदणाऱ्या लाइनी. या मुद्द्याने सर्वांत जास्त नुकसान केलंय. एकाच खोलीवर दोन बोगदे छेदले की खेळ तिथे रुळांचा सांधा करतो. प्रवाशाला त्याचा काहीच उपयोग नाही, कारण सांध्यावर फलाट नसतो. उलट एका लाइनची गाडी जाईपर्यंत दुसरीची थांबते, मागे रांग लागते, आणि ती रांग मागच्या फलाटापर्यंत पोचली की दोन्ही लाइनी ठप्प. एका लाइनचा तो तुकडा भूमिगत दृश्यात बुलडोझरने काढा. पायरी, म्हणजे एका दाबाला बोगदा किती खाली-वर जातो ते अंतर, 12 मीटरवर ठेवा, कीबोर्डवरचं पेज डाउन एकदा दाबून मधला भाग खाली न्या, छेद ओलांडल्यावर पेज अपने परत वर या. स्थानकापासून लगेच उतरू नका, उताराला लांबी द्या. गाडी बदलण्यासाठी दोन्ही लाइनींची स्थानकं त्या चौकातच, एकमेकांजवळ ठेवा. नागरिक फुटपाथवरून चालत एकातून दुसऱ्यात जातात.

गोल लाइनचा मोह इंदूरकरांना होणारच. आपल्या इंदूर मेट्रोची यलो लाइन सुमारे 31 किमीचं वर्तुळ आहे आणि तिचा गांधीनगर ते सुपर कॉरिडॉरचा साधारण 6 किमीचा पहिला टप्पा 31 मे 2025 रोजी सुरू झाला. पण खेळातली लाइन तुम्ही ज्या क्रमाने थांबे दिलेत त्याच दिशेने फिरते. मागच्या स्थानकावर जायचं तर प्रवाशाला अख्खं वर्तुळ फिरावं लागतं, मग तो सरळ स्वतःची कार काढतो. त्याच रुळांवर दुसरी लाइन उलट्या क्रमाने, समोरच्या फलाटांवरून काढा. दोन्ही लाइनी पहिल्या थांब्यावर क्लिक करूनच बंद होतात. आणि वर्तुळाला छेदून शहराच्या मधून जाणारी एक सरळ लाइन द्याच, नाहीतर पलीकडच्या टोकाला जाणारे सगळे अर्धी फेरी मारतात.

राहिला ट्रॅफिक. मेट्रोच्या एका गाडीत 180 प्रवासी मावतात, बसमध्ये 30, तेव्हा माणसांच्या गाड्या कमी होतात हे खरंच. त्यासाठी स्थानकाला वस्तीतून येणाऱ्या बस जोडाव्या लागतात. ट्रक मात्र मेट्रोत बसत नाहीत. चौकात अडकलेल्या वाहनांवर एकेक क्लिक करून पाहा. निम्मे मालाचे ट्रक निघाले, तर खाली आणखी एक बोगदा काढून काही होणार नाही. औद्योगिक भागाला मालगाडीचं टर्मिनल द्या, आणि त्याचा रस्ता वस्तीतून न नेता थेट हायवेला जोडा.