मांस चमकलं म्हणजे अँटिबायोटिक? खुलासा

‘अतिनील टॉर्च मांसावर मारा, निळसर चमक दिसली तर त्यात अँटिबायोटिक आहे’ असा संदेश फिरतोय. हे चूक आहे.

अतिनील प्रकाशात हाडं आणि पांढरे स्नायुबंध आपसूक निळसर चमकतात, कारण त्यांतलं कोलॅजन हे प्रथिन मुळातच प्रतिदीप्त असतं, म्हणजे अतिनील प्रकाश शोषून स्वतः चमकतं. काही जिवाणूंचीही चमक दिसते. म्हणजे निर्दोष तुकडा फेकला जाईल आणि औषधाचा अंश असलेला सुखाने ताटात येईल. मला या दुसऱ्या चुकीबद्दल जास्त काळजी वाटते.

गैरसमजाचं मूळ खरं आहे: टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक स्वतः चमकतं. पण कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार स्नायूच्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे 200 मायक्रोग्रॅम आहे. इतका अंश टॉर्चच्या उजेडात डोळ्यांना ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत ही चमक मोजणाऱ्या प्रतिदीप्ती सेन्सरचं काम वेगळं. मांस वाटून त्यातला अर्क काढतात, गाळतात, मग त्यात संवेदक द्रव्य घालतात. उदाहरणार्थ, युरोपियम या धातूचा आयन (विद्युतभारित अणू) टेट्रासायक्लिनला चिकटला की 615 नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश वाढतो, आणि तो उपकरण मोजतं. तरीही ही प्राथमिक चाळणीच. संशयित नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या तपासणीने, पक्का करतात.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका.