‘तीन आठवड्यांत लेन्स हिरवीगार’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

पाण्यात ठेवलेल्या तुमच्या सेन्सरच्या लेन्सवर शेवाळ धरू नये म्हणून आमचं कोटिंग होतं, तरी ती हिरवी झाली. तुम्हाला मनस्ताप झाला, मोजणी वाया गेली, त्याबद्दल दिलगीर आहोत. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण ‘कोटिंग आपोआप सोलून निघालं’ हे वाक्य फार लागलं.

तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. काचेवर बारीक ओरखडे आहेत, सगळे एकाच दिशेनं, आणि हिरवं धरलंय ते नेमकं त्या रेघांत. मधली जागा अजून स्वच्छ आहे. आपोआप सुटणारा थर कडेनं उचलला जातो, असा रेघारेघांनी निघत नाही. ‘दर आठवड्याला घासावं लागलं’ असं तुम्हीच लिहिलंय. कशानं घासलं, ते मात्र लिहिलेलं नाही. आमचा थर सिलिकोनचा, रबरासारखा मऊ. त्यावर खरखरीत घासणी फिरली की कारभार आटोपला. मऊ ओलं कापड आणि हलका हात, हे डब्यातल्या कागदावर पहिल्याच ओळीत ठळक छापलंय हो.

पुसावंच का लागतं, हा प्रश्न रास्त आहे. हे कोटिंग शेवाळासारख्या जीवांना मारत नाही, त्यांना घट्ट पकड घेऊ देत नाही, एवढंच. असंच सिलिकोन जहाजाच्या तळाला लावतात, तिथं जहाज वेगात निघालं की पाणीच सगळं धुऊन नेतं. तुमचा सेन्सर एका जागी बांधलेला, त्याला कोण धुणार? त्यात डायटम हे सूक्ष्म शेवाळ सिलिकोनलाही चिवटपणे धरतं. हे आम्ही विकतानाच सांगतो.

‘त्यापेक्षा जहाजाचा रंग बरा’ असंही म्हणालात. जहाजाच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या त्या रंगात बहुतेक वेळा तांब्याचं लालसर ऑक्साइड असतं. लेन्सवर लावून बघा, शेवाळाबरोबर उजेडही थांबेल. त्याहून जालीम ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं विषारी संयुग होतं, ते जहाजांवर 2008पासून आंतरराष्ट्रीय करारानं बंद आहे. बरंच झालं, कालवांची पार वाट लावली होती त्यानं.

असो. पुढच्या डब्यांत कापड घालायचा विचार आहे, सूचनाही मोठ्या अक्षरात करू. आम्ही मोजकी माणसं, अशा एका रिव्ह्यूनं चौकशीचे फोन थांबतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. लेन्स पाठवा, थर पुन्हा देऊ, खर्च आमचा. फक्त पाठवण्याआधी साफ करू नका, आहे तशीच पाठवा. ओरखडे आम्हालाही बघायचे आहेत.