सातव्या पिढीचा उद्धार

आमच्या घरी लॅपटॉप सुरू व्हायला लागणारा वेळ मिनिटांत मोजत नाहीत, शिट्ट्यांत मोजतात. मी बटण दाबलं की बायको आत कुकर लावते. पहिल्या शिट्टीला कंपनीचं नाव दिसतं, दुसरीला गोल फिरणारे ठिपके, तिसरीला पासवर्ड मागतो. चौथी होऊन गॅस बंद झाला की डेस्कटॉपवरची चित्रं, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी, एकेक करून जागेवर बसतात. तुरीची डाळ शिजेपर्यंत एक्सेल उघडत नाही. राजमा असेल तर उघडतं. म्हणून सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं मी शक्यतो राजम्याच्या दिवशी काढत असे.

मी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. गेली नऊ वर्षं. दुसरं कोणी तयार नाही, म्हणून दरवर्षी माझी "एकमताने" निवड होते.

गणपतीच्या आधी भाचा आला होता. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने लॅपटॉप उलटा केला, स्टिकर वाचला आणि वैद्याने नाडी सोडावी तसा सोडून दिला.

"मामा, सेव्हन्थ जनरेशन आहे रे तुझा. प्रोसेसर बदल."

सात पिढ्या म्हटलं की मला सात पिढ्यांना पुरेल एवढी कमाई आठवते, नाहीतर सात पिढ्यांचा उद्धार. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूची, ही सातवी पिढी मात्र जेमतेम २०१६ सालची. माणसाची पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरतात. प्रोसेसरच्या घराण्यात जवळजवळ दरवर्षी बारसं असतं, आणि दहा वर्षं जगला तो खापरपणजोबा.

या खापरपणजोबाला मी घरी आणला जून २०१७ मध्ये. १ जुलैला जीएसटी लागणार होता, दुकानांतून "जीएसटीपूर्व सेल"चे फलक लागले होते आणि १८ टक्क्यांच्या धास्तीने मी रांगेत उभा होतो. थोडा कर वाचवला म्हणून आठवडाभर मी ऑफिसात ताठ चालत होतो. ऑगस्टमध्ये आठवी पिढी जाहीर झाली. माझ्या आय-फाइव्ह प्रोसेसरमध्ये दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन हात, तर नव्या आय-फाइव्हमध्ये चार. दोन महिने थांबलो असतो तर दुप्पट मिळालं असतं. पण आयुष्यात मी थांबायच्या ठिकाणी नेहमी धावलो आहे आणि धावायच्या ठिकाणी, उदाहरणार्थ ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर, थांबलो आहे.

भाच्याचं बोलणं मी अक्षरशः घेतलं. प्रोसेसर बदल म्हणाला, म्हणजे प्रोसेसर बदलायचा. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण २०१३ साली ऑफिसात आयटीच्या मुलाने माझ्या डोळ्यांदेखत एका लॅपटॉपचा प्रोसेसर काढून दुसरा बसवला होता. स्क्रू-ड्रायव्हर अर्धा फिरवला, जुना उचलला, नवा ठेवला, परत फिरवला. बल्ब बदलायला मला याहून जास्त वेळ लागतो.

रविवारी लॅमिंग्टन रोडचा कंप्युटर बाजार बंद आणि मेगाब्लॉक चालू, म्हणून शनिवारी निघालो. फास्ट लोकलने दादर, तिथून पश्चिमेची स्लो, ग्रँट रोडला उतरून चालत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने पत्ता विचारला तर समोरचा पोलीस ठाणं दाखवतो.

मला ज्या गाळ्यात पाठवलं तो आमच्या बाथरूमएवढा होता आणि त्यात चार माणसं काम करत होती. त्यातला एक पंचविशीचा मुलगा टेबल-लॅम्पखाली डोकं घालून बसला होता. मी रुबाबात म्हणालो, "प्रोसेसर बदलायचाय. आठवीच्या पुढचा कुठलाही टाका."

त्याने मान वर न करता विचारलं, "काका, घाईत आहात?"

"नाही."

"मग बसा. दाखवतो."

त्याने अकरा स्क्रू काढले. झाकण हलेना. मग त्याने मागचा रबरी पाय नखाने उचलला, तर खाली बारावा. मग फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवलं आणि कडेकडेने फिरवलं. कटकट आवाज करत झाकण सुटलं आणि आत माझी आठ वर्षं दिसली. पंख्यावर धुळीचा असा गालिचा बसला होता की तो कापून जोडे ठेवायला दाराशी घालता आला असता. त्या गालिच्यातून मुलाने चिमट्याने एक पिवळा तुकडा उचलला आणि उजेडात धरला.

"शेव आहे काका. बारीक."

"असेल. ऑडिटच्या वेळी रात्री जागावं लागतं."

"जाडीही आहे."

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मी छताकडे बघितलं. छत फारच जवळ होतं.

मग त्याने तांब्याच्या नळीचा सांगाडा काढला. खाली वाळून पापुद्रे झालेली राखाडी पेस्ट होती, विड्याच्या पानावरचा चुना सुकावा तशी. ती त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि खालून हिरव्या चकतीवर शेजारी शेजारी बसवलेले दोन चकचकीत तुकडे निघाले, आरशासारखे. मोठा प्रोसेसर, लहान त्याचा मदतनीस चिपसेट. एवढ्याशा तुकड्यासाठी मी दीडशे वेळा कुकरच्या शिट्ट्या मोजल्या होत्या!

"आता हा बघा," मुलगा म्हणाला, "याला स्क्रू कुठाय?"

नव्हता.

"हा सोल्डर केलाय. खाली १३५६ टिकल्या आहेत. चौथ्या जनरेशनपर्यंत काही मॉडेलांत सॉकेट यायचं, तुम्ही ऑफिसात बघितलंत ते तेच. नंतर लॅपटॉप पातळ करायचे म्हणून सगळे चिकटवले. मशीनवर गरम करून हा उखडता येईल, पण लावणार काय? बोर्डाचा करंट याच्या मापाचा, बायोस, म्हणजे लॅपटॉपला जागं करणारा प्रोग्रॅम, याच्या ओळखीचा. नवा बसवला तर बायोस विचारणार, आपण कोण."

म्हणजे हे स्क्रूवालं रजिस्टर लग्न नव्हतं. सातव्या पिढीशी सात जन्मांची गाठ होती, आणि तीसुद्धा १३५६ ठिकाणी.

मी उठायला लागलो तर त्याने नवी पेस्ट लावून सांगाडा परत बसवला, झाकण नसतानाच लॅपटॉप चालू केला, दोन-तीन बटणं दाबली आणि पडद्यावर एक तक्ता उघडला. "काका, हे वाचा."

सीपीयू ९ टक्के. डिस्क १०० टक्के.

"प्रोसेसर बसून आहे तुमचा. काम कोण अडवतंय? ही तबकडी. हिच्यात खरोखरची चकती फिरते आणि सुई त्यावर फाइल शोधत हिंडते. आणि तुम्ही ओरडताय प्रोसेसरवर."

मला आमचं ऑफिस डोळ्यांपुढे आलं. साहेब केबिनमध्ये पेन घेऊन सहीला तयार, आणि रेकॉर्ड रूममधून फाइल येत नाही. लोक शिव्या देतात साहेबाला. आठ वर्षं मी एका निर्दोष इसमाच्या सात पिढ्या काढत होतो.

त्याने ती तबकडीवाली हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चकती न फिरवणारी डिस्क, लावली, चारच्या जागी आठ जीबी रॅम केली, सगळा डाटा इकडून तिकडे हलवला, धूळ आणि फरसाण झटकलं. संध्याकाळी घरी येऊन बटण दाबलं. बायकोने सवयीने कुकर चढवला. तिने झाकणाला रिंग लावेपर्यंत पासवर्ड मागून झाला होता.

"अहो, आता मी वेळ कशावर लावू?" ती म्हणाली. त्या रात्री डाळ कच्ची राहिली.

खरं म्हणजे लेख इथे संपायला हरकत नव्हती. पण १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आली. त्या दिवशी विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, संपला, आणि पडदाभर एक सूचना आली, तिचा सूर आमच्या थकबाकीच्या नोटिशीसारखा गोड होता. विंडोज ११ घ्या म्हणे. घ्यायला गेलो तर दारातच अडवलं, कारण चार-दोन अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्यांना तिथे प्रवेशच नाही. एका वर्षाची मुदतवाढ मिळत होती. आम्हीही थकबाकीदारांना देतो, आणि पुढे काय होतं ते मला माहीत आहे. "मामा, सोसायटीचं बँकेचं काम आता यावर नको करूस," भाच्याने फोनवर सांगितलं. म्हणजे जो इसम निर्दोष सुटला होता, त्याला वयाच्या कारणावरून घरी बसवण्यात आलं.

नवा लॅपटॉप घेणं म्हणजे स्थळ बघणं. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे गोत्र. त्यापुढचा आकडा वाचायला शिकावं लागतं. माझा होता ७२००, म्हणजे सातवी पिढी. दुकानदार दाखवत होता १२३५, त्यात पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे बारावी. शेवटी यू असेल तर कमी वीज खाणारा, एच असेल तर खादाड. हे पाठ झालं तोवर कळलं की २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलने नव्या घराण्यात "आय"च गाळला आणि अल्ट्रा म्हणायला सुरुवात केली, म्हणजे गोत्रच बदललं. आमच्या शेजारचे काका अजून सगळ्यांना सांगतात, "आपला आय-सेव्हन आहे हं." आहे. चौथ्या पिढीचा. पडका का होईना वाडा आहे, अशा थाटाचं ते बोलणं असतं.

बाराव्या पिढीच्या त्या प्रोसेसरमध्ये दहा कोअर. दोन परफॉर्मन्स, आठ एफिशियन्सी. दुकानदाराने समजावलं की जड काम ते दोघं ओढतात, बाकीचे आठ कमी विजेत किरकोळ कामं बघतात. मला हे समजवायची गरज नव्हती. आमच्या कार्यकारिणीतही दहाच जण आहेत. आमचे आठ तर वीज अजिबात खात नाहीत, फक्त मीटिंगला समोसे खातात.

घेतला. त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. बटण दाबताच सुरू होतो, आवाज करत नाही, आत शेव नाही. घोळ पुढे झाला.

वार्षिक सभेच्या आदल्या आठवड्यात २०१८ चं इतिवृत्त लागलं, लिफ्टच्या ठरावाचं. नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर मजकुराच्या जागी सुटी इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर, पौंडाची चिन्हं आणि मधूनच एक भागाकार. युनिकोडच्या, म्हणजे मराठी सगळ्या कंप्युटरांवर सारखी दिसण्याच्या, आधीच्या काळातला तो मराठी फॉन्ट. मी ऑफिसात तोच शिकलो आणि हट्टाने पुढेही वापरत राहिलो. त्यात मुळात इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचा मुखवटा घातलेला असतो. नव्या घरात मुखवटा नाही, त्यामुळे सगळे आपापल्या खऱ्या चेहऱ्याने उभे. मी तो कागद तसाच खजिनदारांना फोनवर पाठवला. त्यांनी वाचून कळवलं, "ठीक आहे, नेहमीसारखंच आहे. मंजूर."

मग प्रिंटर. २००९ चा, अजून एकही कागद न अडकवता चालणारा. नव्या लॅपटॉपला तो दिसेचना. त्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, एका सीडीवर, ती सीडी माझ्याकडे जपून ठेवलेली, आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायला भोकच नाही.

तेव्हापासून टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी बसतात. नव्यावर लिहायचं, पेन ड्राइव्हमध्ये घालायचं, जुन्यावर न्यायचं, तिथून छापायचं. जुना इंटरनेटशिवाय आहे, फॉन्ट आणि प्रिंटर सांभाळतो. पेन्शनर माणसाला घराच्या किल्ल्या आणि जुने कागद सोपवावेत, तसं.

आमचे नाना पोस्टातून निवृत्त झाले. वय ८१. सगळी खरेदी त्यांना दाखवायची पद्धत आहे. त्यांनी चष्मा लावून आधी जुना स्टिकर वाचला, मग नव्याचं बिल.

"हा कितीचा होता?"

"नाना, ती किंमत नाही. नंबर आहे. ७२००."

"बरं, बहात्तरशे. आणि हा?"

"१२३५."

"बाराशे पस्तीस." त्यांनी चष्मा काढला. "बहात्तरशेचा सोडून बाराशे पस्तीसचा आणलास. आणि वर पैसे तूच दिलेस."

मी पहिले दोन आकडे समजावले. पिढ्या समजावल्या. गोत्र समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. काउंटरच्या पलीकडून पस्तीस वर्षं त्यांनी असेच लोक ऐकले आहेत, पावती हरवलेले.

रात्री त्यांची वही टेबलावर उघडी होती. तारीख, त्याखाली दूध, भाजी, बीपीच्या गोळ्या, आणि मग सरळ रेघ मारून:

"प्रोसेसर. दिला ७२००. मिळाला १२३५. दुकानदाराकडून येणे ५९६५."

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी मला एक हस्तलिखित कागद दिला. वर "स्मरणपत्र क्र. १" लिहिलं होतं.

"टाइप करून दे," नाना म्हणाले. "आणि त्या जुन्यावरनं छाप. नव्याचा भरवसा नाही."