मॉनिटरसोबत मतदार यादीही घ्या

शाळेत मॉनिटरची निवडणूक घेऊन मुलांना मतदान शिकवा, असं एका लेखात वाचलं. घ्या की. पण आमच्या राजापूरकडच्या वाड्यांत खरा धडा मतदार यादीत आहे. प्रारूप (म्हणजे कच्ची) यादी प्रसिद्ध झाली की नववी-दहावीच्या मुलांना आपल्या वाडीचं पान वाचायला द्या. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली, सगळं त्यांना ठाऊक असतं. चाकरमान्यांची नावंही सापडतील, त्यातली काही मुंबईच्या यादीतसुद्धा असतात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाहून जास्त मतदारसंघांत नोंदवता येत नाही. हे कळल्यावर एखादी पोर गणपतीत विचारेलच, "काका, तुझं नाव दोन्हीकडे कसं?" (मग आरतीआधीच ग्रामसभा!)

बारावीवाल्यांना मात्र भाषण नको, नमुना ६ (नवीन मतदार नोंदणीचा अर्ज) द्या. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, आणि २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांची १ तारीख अठरा वर्षं पूर्ण झाली का हे पाहायला धरतात. आणि हो, मॉनिटरच्या मतपत्रिकेवर 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) ठेवायला गुरुजी तयार होतील का, तेवढं विचारून बघा.