भिंत आपली, भोक आपलं

बाथरूममध्ये टॉवेलची दांडी लावायची आहे? मग उगीच प्लंबरला फोन करू नका. तो ‘उद्या येतो’ म्हणेल, आणि त्याचा उद्या कुठल्या आठवड्यातला हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं. मेव्हण्याकडं ड्रिल मशीन आहे, ते आणा. उद्यमनगरच्या शहरात, कोल्हापुरात राहतो आपण. इथल्या माणसानं एका भोकासाठी परक्याची वाट बघायची? ‘हुतंय की भावा, त्यात काय?’ एवढं म्हटलं की अर्धं काम झालं. चिकटवायचे हुक मिळतात, भोकच पाडावं लागत नाही, असं कुणी सुचवलं तर त्याच्याकडं नुसतं बघा. तालमींच्या गावात चिकटवायचे हुक!

जागा ठरवताना एकच पथ्य पाळा: नळ आणि बटणांकडं बघायचं नाही. बघितलंत की घोटाळा होतो. वर गीझरचे दोन पॉइंट, खाली गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ, म्हणजे मधल्या टाइल्सच्या मागं एक गरम आणि एक गार असे दोन पाइप उभे असणार, हे पोरालाही कळतं. बोर्डापासून वायर बहुतेक वेळा सरळ वर स्लॅबकडं जाते, हेही. तेव्हा दांडी मिक्सरच्या बरोबर वर, छातीच्या उंचीला घ्या आणि आरसा बोर्डाच्या डोक्यावर. या रेषांपासून वीतभर सरकलात तरी निराश व्हायचं कारण नाही. पाइप-वायरसाठी भिंतीत झिरी मारणाऱ्या पोराला पगाराच्या दिवशी लवकर सुटायचं असेल, तर त्यानं ती तिरकीही मारलेली असू शकते.

जुन्या पेठांतल्या घरांत ही मजा नव्हती. लोखंडी पाइप भिंतीवरून उघडा, क्लॅम्प ठोकून. वायर लाकडी पट्टीतून, डोळ्यांदेखत फिरलेली. आजोबांना खिळा ठोकण्याआधी विचार करावा लागत नसे. आता सगळं कन्सील्ड पाहिजे, आणि कुठं काय लपवलंय ते कुणी लिहून ठेवत नाही. वास्तुशांतीला मोबाईलभर फोटो निघाले: पाहुणे, पंगत, जावईबापूंचा फेटा. टाइल्स बसायच्या आधी झिऱ्या उघड्या होत्या, तेव्हा शेजारी टेप धरून चार फोटो काढणं काही अवघड नव्हतं. पण झिरीचा फोटो स्टेटसला कोण ठेवतो?

काही अतिशहाणे भिंतीवर फिरवायचा डिटेक्टर आणतात. त्यातले स्वस्तातले लोखंड-तांब्याला वाजतात. सीपीव्हीसीचा प्लास्टिकचा पाइप त्यांच्या गावीही नसतो. वाजलं नाही म्हणजे मागं काही नाही, असं खुशाल समजा.

आता विजेचं. कुणी म्हणेल, आधी एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा खटका, पाडा, मग टेस्टर लावून बघा. त्यावर बिनतोड उत्तर तयार ठेवा: ‘लाइट घालवली तर ड्रिल कशावर चालवू?’ दुसऱ्या खोलीच्या सर्किटवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढता येतो, बॅटरीवरचं मशीनही मिळतं, हे त्याला सुचेपर्यंत सुरुवात करून टाका. फार तर गीझरचं बटण बंद करा, त्यानं मनाला बरं वाटतं. बटणापर्यंत येणाऱ्या वायरीत करंट असतोच, पण तो काही दिसत नाही. ‘एमसीबी आहे की’ म्हणून निर्धास्त राहा. तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या हिशेबात तुमच्या अंगातून जाणारा करंट किरकोळ. माणसाची काळजी करते ती आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारी. ती आपल्या घरात आहे का, हे बघायला जाऊ नका. असलीच, तर तिच्यावरचं टेस्टचं बटण कधी दाबू नका, उगाच सासूबाईंची मालिका बंद पडते. अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहिलात की २३० व्होल्टला तुमच्यापर्यंत यायला कसली अडचण नाही.

टाइलचा मान मात्र ठेवा. मशीनवरचं बटण हातोडीच्या चित्राकडं सरकवा आणि घुसा. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवायचा, चिकटपट्टी लावून भाल्याच्या टोकाच्या बिटानं हळू सुरुवात करायची, ही भित्र्यांची रीत. बिटावर मापाची पट्टी गुंडाळायची, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायच्या गिट्टीला लागतं त्यापेक्षा आत जात नाही, ही त्याहून भित्र्यांची. गिट्टीला दीड इंच पुरतो म्हणून दीडच इंच जायचं? बिट जाईल तिथवर भिंत आपलीच आहे.

बिट अचानक सैल झालं, चुऱ्याचा लगदा होऊन येऊ लागला, की समजा पाइप घावला. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी यायला शहराला २०२३ ची दिवाळी उजाडावी लागली, आणि त्याआधी कैक वर्षं आंदोलनं. तुम्ही तीच थेट पाइपलाइन एका भोकात बाथरूममध्ये आणलीत. आता गच्चीवर पळा. टाकीखालचा कॉक बसवल्यापासून कुणी फिरवलेला नसतो. तो क्षारानं जाम झालेला असतो, जोर लावला की दांडा हातात येतो, आणि हजार लिटर पाणी खाली मोकळं होत राहतं. बायको पोतं घेऊन दारात उभी असेल. ‘तुमी भोकं पाडा, पानी मी पुसतो,’ एवढंच ती म्हणेल. त्यावर काही बोलू नका.

मग तोच प्लंबर येतो. चार टाइल्स फोडतो, कपलर आणि सॉल्व्हंटनं जोड मारतो, पैसे घेऊन जातो. त्या डिझाइनच्या टाइल्स शोधण्यात मात्र तुमचे रविवार जातात, कारण ते डिझाइन बंद झालेलं असतं आणि उरलेली पेटी तुम्हीच गवंड्याला देऊन टाकलेली असते.

खरे कलावंत ते, ज्यांचं पाणी उडतच नाही. स्क्रू पाइपात घट्ट बसतो, दांडी झकास लागते, पाहुण्यांना दाखवून होते. पाणी आतल्या आत थेंबथेंब वाट काढतं आणि काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या स्लॅबला ओल दिसते. ते वर आले की चहा टाका आणि पावसाचं नाव घ्या. जून ते सप्टेंबर ते खपून जातं. उन्हाळ्यात आले तर बिल्डर आहेच.