विद्यापीठाच्या पाइपातून फुकट वीज? आधी टाकीचा हिशोब करा

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'विद्यापीठाच्या पाण्याच्या पाइपात छोटी टर्बाइन बसवा. पाणी तसंही वाहतंच, कॅम्पस फुकटात उजळेल. अमेरिकेतल्या पोर्टलंडला झालंय. देखभाल शून्य.'

पाणी तसंही वाहतं? आपल्याकडे ते चढवावं लागतं. उजनीचं पाणी पंपांनी उपसून पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून शहरात. कॅम्पसच्या टाकीत चढवायला पुन्हा मोटर. समजा टाकी १५ मीटर उंच आहे. तिच्यातून १ लाख लिटर पाणी खाली आलं, तर त्यात ऊर्जा साधारण ४ युनिट. टर्बाइन ६० टक्के कार्यक्षम धरली, तर हाती अडीच युनिट. तेच पाणी वर चढवताना पंपाने जवळपास ७ युनिट खाल्लेले असतात. सोलापूरच्या उन्हात गच्चीवरचं १ किलोवॉटचं सोलर दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतं, तेही कुणाच्या नळाला हात न लावता.

नळाचं तर मेसेजमध्ये नावच नाही! टर्बाइन चालते ती दाब खाऊन. वरचे अडीच युनिट निघतात ते सगळा दाब तिनेच खाल्ला तर. मग तिसऱ्या मजल्यावरच्या हॉस्टेलच्या बाथरूममध्ये पाणी चढणार कसं? तिथे आधीच जेमतेम चार-पाच मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब उरतो. शेवटी बूस्टर पंप बसवायचा आणि त्याचं बिल भरायचं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पोर्टलंडचं मात्र खरं आहे. २०१५ मध्ये तिथल्या मुख्य जलवाहिनीत ४ टर्बाइन सुरू झाल्या, एकूण २०० किलोवॉटच्या. पण तिथे पाणी उंचावरच्या खोऱ्यातून उताराने येतं आणि वाहिनी कायम भरलेली असते. जास्तीचा दाब एरवी व्हॉल्व्हने मारावाच लागतो, म्हणून तो टर्बाइनने खाल्ला तरी कुणाचं काही बिघडत नाही. आपल्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या काळात त्या लाइनवरची टर्बाइन नुसती उभी.

देखभाल शून्य म्हणणाऱ्याने बोअरच्या पाण्याचा नळ एकदा उघडून आतला पांढरा थर बघावा. पात्यांवरही तोच बसणार.

मुलांना शिकायला मिळेल, हे मान्य. लॅबमध्ये जुना पंप उलटा फिरवून वीज काढता येते, आणि लाइनवरचा वॉटर मीटर किंवा सेन्सर चालवायला काही वॉट पुरतात. त्यापुढे जायचं असेल, तर कॅम्पसमध्ये दाब मारण्यासाठी अर्धवट बंद ठेवलेला एखादा व्हॉल्व्ह शोधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा. दाबात फरक दिसला, तर टर्बाइनचं कोटेशन मागवू.